समोरचा व्हरांडा

मास्तर आपल्या साडूला पाण्यात पाहतात हे मला गाडीचा क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे कळायच्या आधी कळलं.

मी गाडी शिकायला गेले ती नोकरीतून मोकळी झाल्यावर. हौसेने नाही. आमच्या ह्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी यापुढे गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं आणि आमची गाडी दारात धूळ खात पडली. माझी सगळी हयात शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. मुलांना नद्या, पर्वत, वाळवंटं सगळीकडे फिरवून आणलं, पण मला स्वतःला कुठे जायचं तर कुणाची तरी मनधरणी करायची. माझा स्वभाव तापट आहे, हे मला जमेना. एक दिवस ह्यांच्याशी कडाक्याचं भांडले आणि त्याच तिरीमिरीत मास्तरांकडे नाव घालून आले.

मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक खोली, एक टेबल, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि बाहेर उभी एक पांढरी गाडी. टपावर पिवळी पाटी. मालक, शिक्षक, शिपाई सगळं तेच. अंगाने बारीक, शर्ट कडक इस्त्रीचा, खिशात काच पुसायचं फडकं. मी शिक्षिका म्हणून ते मला बाई म्हणायचे आणि सगळं गाव म्हणतं म्हणून मी त्यांना मास्तर. दोन शिक्षक एका गाडीत बसले की काय होतं ते विचारू नका. पहिल्या दिवशी मी त्यांचा तक्ता उजेडाच्या विरुद्ध बाजूला लावलाय म्हणून सांगितलं, आणि त्यांनी मला सीट मागेपुढे कशी करतात ते दोनदा करायला लावलं.

शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. स्टिअरिंग मात्र एकच, ते शिकणाऱ्याच्या हातात. मास्तरांचा पाय त्या दुसऱ्या ब्रेकवरून कधी हलायचा नाही. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या कुणीही आजवर साधा ओरखडा पाडला नव्हता, आणि हे ते दर नव्या माणसाला छाती पुढे काढून सांगायचे. मलाही सांगितलं. मी म्हटलं, बघू.

तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच विषय होता. लग्न झाल्यापासून ते आणि त्यांची बायको शाळेमागच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. आता घरमालकाला खोल्या हव्या होत्या. बँकेने कर्जाला होकार दिला होता आणि दोन घरं बघून ठेवलेली होती. एक चढावरच्या वसाहतीत, जुनं, बैठं, पुढे चिमूटभर अंगण. दुसरं मैदानाकडच्या नव्या वसाहतीत, वरच्या मजल्यावर, कोरं करकरीत. पैसे दोन्हीकडे सारखेच लागणार होते, आणि घोडं तिथेच अडलं होतं. एक स्वस्त असतं तर प्रश्न आपोआप सुटला असता. आता कारण शोधावं लागत होतं आणि खरं कारण मास्तरांना तोंडाने बोलता येत नव्हतं.

खरं कारण असं की चढावरच्या त्या बैठ्या घराच्या अगदी समोर त्यांच्या साडूचं घर होतं.

साडूचं टाइल्सचं दुकान. मास्तर त्याला फरशीवाला म्हणायचे, अर्थात पाठीमागे. दोघी बहिणींपैकी थोरली मास्तरांना दिली, धाकटी त्याला. त्याचं लग्न मागाहून झालं आणि घर आधी झालं, हे पहिलं दुखणं. सासऱ्यांना काही विचारायचं असलं की ते त्याला फोन करतात, हे दुसरं. आणि सगळ्यात मोठं हे, की त्याला गाडी शिकवली मास्तरांनीच. अजूनही तो गाडी तिरकी लावतो, आरसा बघत नाही, आणि तरी सगळ्या सासरवाडीला गाडीतून फिरवून आणतो तोच. मास्तरांची गाडी टपावर पाटी घेऊन फिरणार, तिच्यातून कोण लग्नाला जाणार.

माझे धडे रोज चढावरच का चालतात ते माझ्या लवकरच लक्षात आलं. चढावर थांबवलेली गाडी मागे न घसरता पुढे काढणं हा शिकण्यातला अवघड भाग, आणि सरावाला चढ लागतोच, हे खरं. पण त्या वसाहतीत चढ काय एकच होता? आम्ही रोज त्याच गल्लीत शिरायचो आणि मास्तर मला बरोबर साडूच्या फाटकासमोर गाडी थांबवायला सांगायचे. मी हँडब्रेक ओढून घाम पुसायचे आणि मास्तर खिडकीतून हळूच बघून घ्यायचे. आज काय, तर दिवा नवा. उद्या काय, तर पायऱ्यांना निळ्या टाइल्स. मग फाटकाबाहेर बसायला एक कट्टा बांधला त्याने, त्यालाही टाइल्स, त्याही निळ्या. मास्तर म्हणाले, हा माणूस बायको झोपल्यावर तिलाही टाइल लावेल. मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

पूर्ण गल्लीला आमची पिवळी पाटी पाठ झाली होती. एकदा साडू स्वतःच बाहेर आला. दांडगा, गोलमटोल, बनियनवर, हातात पाण्याची नळी. काय दादा, आमच्या दारातून विद्यापीठ चालवताय का, म्हणाला आणि स्वतःच गडगडून हसला. मला म्हणाला, बाई, घाबरू नका, मी यांच्याकडेच शिकलोय, मला येते तर तुम्हाला का नाही येणार. मला माणूस आवडला. मी तसं सांगितलं आणि मास्तरांनी त्या दिवशी मला उरलेला सगळा वेळ रिव्हर्स घ्यायला लावलं.

चढावरच्या घराविरुद्ध त्यांच्याकडे कारणांची कमी नव्हती. म्हातारपणी गुडघे जातील. गाडीची क्लच प्लेट जळेल. पाणी वर जोराने चढत नाही. गल्ली अरुंद, समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकाला मागे घ्यावी लागते, आणि फरशीवाला काही मागे घेणाऱ्यातला नाही. मैदानाकडे बघा, रस्ते कसे रुंद, सरळ, कडेला पांढरे पट्टे मारलेले. मी विचारलं, तुमच्या मिसेसना कुठलं आवडलंय? ते म्हणाले, तिचं काही नाही, मी म्हणेन तसं. मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, चढावरचं घर बघून आल्यावर ती एकदा म्हणाली होती की धाकटी लहानपणापासून म्हणायची, मला ताईचं दार दिसेल असं घर हवं. एकदाच म्हणाली. पुन्हा तिने विषय काढला नाही.

त्यांच्या बायकोला मी पाहिलं नव्हतं, पण ऐकलं होतं. गावातल्या प्रत्येकाने ऐकलं होतं. ती मोठ्या इस्पितळात टेलिफोनवर बसायची. आमच्या ह्यांना आत नेलं होतं तेव्हा मी घरून फोन करकरून तिचा जीव खाल्ला होता. दर वेळी तोच मऊ, धुतलेला आवाज. आपण काळजी करू नका, मी चौकशी करून सांगते. त्या आवाजाने मला त्या दिवशी धीर दिला हे मी मास्तरांना सांगितलं, कौतुकाने सांगितलं. ते म्हणाले, हो, सगळेच सांगतात. दिवसभर लोकांशी बोलून बोलून घरी येते तेव्हा तिच्याकडे शब्दच उरलेला नसतो. ताटं घेते, रेडिओ लावते, झोपते. म्हणजे या माणसाला साडूचाच नाही, इस्पितळात फोन करणाऱ्या समस्त आजारी लोकांचाही हेवा वाटत होता. मला तेव्हा त्याची गंमतच वाटली.

मग तो दिवस आला. सकाळची वेळ, ऊन कोवळं. आम्ही नेहमीप्रमाणे चढ चढलो, नेहमीप्रमाणे फाटकासमोर थांबलो. साडूच्या व्हरांड्यात दोघी बायका जमिनीवर बसून जुना स्वेटर उसवत होत्या. एकजण धागा ओढत होती, दुसरी लोकरीचा गुंडा करत होती. स्वेटर बहुधा साडूचाच असावा, कारण तो खुर्चीत बसून तक्रार करत होता. तो काहीतरी बोलला, आणि गुंडा करणारी हसायला लागली.

काय हसली ती बाई. तोंडावर हात नाही, पदर नाही. भसाडं, दणदणीत, मध्येच श्वास अडकून घोरल्यासारखा आवाज निघायचा आणि त्या आवाजानेच तिला पुन्हा हसू फुटायचं. हातातला गुंडा सुटून पायऱ्यांवरून गडगडत खाली आला. मीही गाडीत बसल्या बसल्या हसले. मास्तरांना विचारलं, या कोण हो?

मास्तरांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मला वाटलं, निघा म्हणतायत. मी हँडब्रेक सोडला, क्लच नको तितका सोडला, इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे घसरली. आता मास्तर ब्रेक मारतील म्हणून मी निवांत होते. खरंच निवांत होते, कारण रोज मारायचे. गाडी घसरतच राहिली. घाबरून मी स्टिअरिंग फिरवलं, आणि मागून टाइल्स फुटल्याचा तो स्वच्छ, महागडा आवाज आला.

मास्तरांचा पाय ब्रेकच्या शेजारी जमिनीवर होता. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

सगळे धावत आले. साडूच्या नव्या कट्ट्याचा कोपरा उडाला होता. आमच्या गाडीचा मागचा दिवा गेला होता. मी चूक माझी म्हणून हात जोडले. साडूने कट्ट्याकडे बघितलंसुद्धा नाही. आधी मला लागलं का ते विचारलं, मग मास्तरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, दादा, टाइल्सचंच दुकान आहे आपलं, असे दहा कट्टे फोडा. राग आला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. हा मोठेपणा त्यांना गिळवेना.

मेहुणी पाणी घेऊन आली. तिच्या मागून गुंडा करणारी आली. फाटकापर्यंत येताना तिच्या ओठांवर ते हसू थोडंसं शिल्लक होतं. मास्तर दिसले आणि ते गेलं. कुणी दिवा घालवावा तसं गेलं. साडीच्या निऱ्या सारख्या करत ती म्हणाली, तुम्हाला लागलं नाही ना? आणि तो आवाज ऐकला तेव्हा मी ओळखलं की ही कोण.

परतताना मास्तरांनी स्टिअरिंग स्वतः घेतलं. त्यांच्या बायकोची त्या दिवशी सुट्टी होती आणि सुट्टी आहे हे तिने त्यांना सांगितलंही होतं. ती बहिणीकडे जाते यातही लपवण्यासारखं काही नव्हतं. सगळं उघड होतं, तक्रारीला जागाच नव्हती. स्कूलपाशी आल्यावर गाडी बंद करून ते तसेच बसून राहिले आणि म्हणाले, "मला बघून थांबली ती. बघितलंत ना तुम्ही?"

मी बघितलं होतं. नाही कशी म्हणू?

एखाद्या शहाण्या माणसाने यातून काही धडा घेतला असता. मास्तरांनी घेतला, पण उलटा. दुसऱ्या दिवसापासून त्यांना मैदानाकडच्या घराची घाई सुटली. बिल्डरच्या माणसाला रोज फोन. हे घर जाईल, ते घर जाईल, याच आठवड्यात नक्की करून टाकतो. मी म्हटलं, मास्तर, तुम्ही घर घेताय की बायकोला त्या व्हरांड्यातून उचलून लांब नेऊन ठेवताय? त्यांचे कान लाल झाले. ते म्हणाले, बाई, समोर बघा, सिग्नल आहे. सिग्नल नव्हता.

मला त्यांचा संताप आला होता, पण शिकणं अर्धवट टाकून जाणार कुठे? चढावर जाणं बंद झालं. आता धडे मैदानाकडे, सरळ रस्त्यांवर, जिथे काहीच घडत नाही. आणि एका दुपारी मी जाऊन बघते तर गाडीच्या मागच्या सीटवर त्यांची बायको. आज घर पक्कं करायचं होतं, आणि वेगळं पेट्रोल कशाला जाळा म्हणून माझ्या धड्यातच ते उरकायचं ठरलं होतं. म्हणजे मी शिकाऊ आणि ड्रायव्हर दोन्ही झाले. ती मागे पर्स मांडीवर घेऊन सरळ बसली होती. आरशात मला दिसत होती. तिने माझ्या ह्यांच्या डोळ्यांची चौकशी केली. मी कोण ते तिला आवाजावरून कळलं होतं, जसं मला कळलं होतं.

घर खरंच चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. खोल्या मोठ्या, भिंतींना ताज्या रंगाचा वास, खिडक्यांच्या काचांवर अजून कागदाच्या पट्ट्या. मास्तर तिला सगळं दाखवत होते. नळ सोडून पाण्याचा जोर दाखवला. खालची गाडी लावायची जागा वरून दाखवली, तिच्याभोवती पांढरी रेघ मारलेली होती. स्वयंपाकघरातला ओटा किती लांब, कपाट कुठे बसेल, पंखा कुठे. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शेवटी मधल्या खोलीत उभे राहून त्यांनी विचारलं, "मग? कसं वाटतं?"

रिकाम्या खोलीत आवाज जरा घुमतो. ती म्हणाली, "छान आहे. आपण काळजी करू नका."

तोच आवाज. मऊ, धुतलेला, रुग्णाच्या नातेवाइकाला द्यायचा. मला ऑपरेशनच्या दिवशीचा आमचा फोन आठवला, हातातला घामेजलेला रिसीव्हर आठवला. तिने तो मुद्दाम काढला नव्हता. कुणी अडचणीत दिसलं की तो तिच्या तोंडून आपोआप येत असावा. मी मास्तरांकडे बघितलं. ते नळ बंद करायला म्हणून आत गेले होते आणि आतच राहिले. नळ तर मघाशीच बंद केला होता.

बाहेर आले ते बिल्डरच्या माणसाला म्हणाले, कळवतो. तो बिचारा कागद मांडून, पेनाचं टोपण काढून बसला होता. त्याने विचारलं, काही अडचण? मास्तर म्हणाले, नाही, घर छान आहे.

बायकोला इस्पितळाच्या दारात सोडलं. ती आत जाईपर्यंत मास्तर बघत राहिले. मग मला गाडी काढायला सांगितली. मी काढली, चांगली काढली, पण शाबासकी मिळाली नाही. वाटेत ते बोलायला लागले.

"नवीन लग्न झालं होतं तेव्हा ती तशीच हसायची. त्या दिवशी व्हरांड्यात हसली तशी. एकदा आम्ही हॉटेलात बसलो होतो, मी काहीतरी बोललो आणि ती हसली. सगळे वळून बघायला लागले. मी म्हटलं, अगं हळू, लोक बघतायत."

मी विचारलं, "मग?"

"मग काही नाही. तिने ऐकलं."

मला सगळ्यात आधी राग आला. एवढ्या वर्षांत पुन्हा जाऊन सांगता आलं नाही का, की मी मूर्खासारखा बोललो, तू हस? मी तसं विचारलं, आणि आवाज चढवूनच विचारलं. ते म्हणाले, दोन-तीनदा सांगितलं. ती म्हणते, आपलं काहीतरीच, मी कुठे मुद्दाम थांबवते. आणि ते खरं आहे, ती मुद्दाम थांबवत नाही.

पुढे गाडी वळवायची जागा आली. मी विचारलं, कुठे घेऊ? ते म्हणाले, चढाकडे. मी वळवली.

"तिथे राहायला गेलो तर ती रोज समोर जाईल," ते म्हणाले.

"जाईल."

"आणि मी घरात बसून ऐकायचं? तो फरशीवाला तिला हसवणार, आणि मी भिंतीआड बसून ऐकायचं?"

"मैदानाकडे गेलात तर तेही ऐकू येणार नाही," मी म्हटलं.

चढावर त्यांनी मला गाडी थांबवायला सांगितली, साडूच्या फाटकासमोर नाही, त्याच्या समोरच्या बैठ्या घरापुढे. कट्ट्याचा कोपरा नव्या टाइल्स लावून तयार होता, पहिल्यापेक्षा जास्त चकचकीत. मास्तरांनी तो बघितला, दात खाल्ले, आणि मला निघा म्हणाले. त्या दिवशी गाडी बोटभरही मागे घसरली नाही. त्यांचा पाय मात्र ब्रेकवर होता, मी बघून घेतलं.

त्यांनी चढावरचं घर घेतलं. सामान हलवायला साडूने दुकानाचा टेम्पो दिला. तो नको म्हणायला मास्तरांना कारण सापडलं नाही, म्हणून ते टेम्पोत न बसता मागून चालत गेले.

मला लायसन्स मिळालं. पहिल्यांदा आमच्या ह्यांना घेऊन बाजारात गेले. ते शेजारी बसून प्रत्येक वळणावर पाय दाबत होते आणि तिथे ब्रेक नव्हता, याचा मला फार आनंद झाला. थोड्या दिवसांनी मनात आलं, मास्तरांचं घर बघून यावं. एका संध्याकाळी एकटीच गेले. चढ चढले, गाडी न घसरू देता लावली, आणि कुणीतरी हे बघायला हवं होतं असं वाटलं.

मास्तर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. दिवे लागायच्या वेळेचा उजेड होता. मला बघून उठले, दुसरी खुर्ची आणली, आणि मी काही बोलणार तेवढ्यात बोट वर करून म्हणाले, ऐका.

समोरच्या व्हरांड्यातून ते हसणं येत होतं. तेच भसाडं, मध्येच घोरणारं. मागोमाग साडूचा आवाज, पुन्हा हसणं. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. चेहरा असा की सुख होतंय की पोटात दुखतंय ते कळू नये. मी हळूच विचारलं, तुम्ही का जात नाही तिकडे? ते म्हणाले, मी गेलो की थांबतं. मग म्हणाले, तो काय बोलतो तेही मी ऐकलंय, बाई. काही विनोदी नसतं. अमक्या गिऱ्हाइकाने बाथरूमची टाइल स्वयंपाकघरात लावली, असलं काहीतरी. तेच मी सांगितलं तर ती नुसती हं म्हणते. फरशीवाल्याच्या नशिबात काय आहे बघा, खुर्चीतून उठावंसुद्धा लागत नाही त्याला. मी म्हटलं, मास्तर, तुम्ही आता त्या माणसावर जळणं सोडा. ते म्हणाले, ते होणार नाही.

थोडा वेळ गेला. समोरचं फाटक वाजलं. मास्तर खुर्चीत पुढे सरकले आणि कुजबुजत मला सांगायला लागले. ती घरी यायला निघाली की ते हसू थोडं बरोबर येतं. राहायला आलो तेव्हा त्यांच्या फाटकातच संपायचं. मग रस्त्याच्या मध्यापर्यंत पुरायला लागलं. परवा त्या दिव्याच्या खांबापर्यंत आलं होतं. काल आपल्या फाटकाला तिचा हात लागला तेव्हासुद्धा ओठांवर होतं. ते बोलायचे थांबले, कारण ती रस्त्यावर आली होती.

मी बघितलं. ती एकटीच, रस्ता ओलांडत, स्वतःशीच हसत येत होती. खांब मागे पडला. मास्तरांच्या फाटकाची कडी तिने काढली. हसू होतं. अंगणात पहिलं पाऊल टाकलं, मास्तरांकडे बघितलं, आणि हसू तरीही होतं. सांगू की नको अशा बेतात तिचे ओठ उघडले. मास्तर खुर्चीतून अर्धे उठले.

मग तिला मी दिसले.

तिने पदर सारखा केला. "या ना, बसा. कधी आलात? साहेबांचे डोळे कसे आहेत आता?" मऊ, धुतलेला आवाज. मी म्हटलं, बरे आहेत. ती मला पाणी आणायला आत गेली.

मास्तर माझ्याकडे बघत होते. कट्टा फोडला तेव्हासुद्धा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. ते म्हणाले, "आज मला सांगणार होती ती."

मी पाणी प्यायले आणि लगेच उठले. ते मला गाडीपर्यंत सोडायला आले. गाडी नीट लावली आहे असंही म्हणाले नाहीत. मी सीटवर बसून पट्टा लावला तेव्हा खिडकीशी वाकून, आत ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "बाई, राग मानू नका. पण पुढच्या वेळी सकाळी या."